उजेडातून आवाज

माझ्या हातात आली की वायर सरळ वागते, असं मी नेहमी सांगत आलोय. आमच्या बस डेपोत माझ्याइतका जाणकार वायरमन दुसरा नाही! आता डेपोत वायरमन मी एकटाच आहे, हा भाग वेगळा. पण दुसरा असता तरी माझ्या मागेच असता, एवढी मला खात्री होती. होती म्हणतोय, तेवढं लक्षात घ्या. सध्या मी इतका दमलोय की खात्रीबित्री बाळगायचं अंगात त्राण नाही. तरी झालं ते सांगतो, कारण लोक अर्धवट ऐकून काहीबाही सांगत सुटलेत.

तर, आमची ही त्याच डेपोत कामाला आहे. गाड्यांच्या घोषणा करते. फलाटांच्या वर एक काचेची खोली आहे, तिथं माईकसमोर बसायचं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत 'पुलाकडची गाडी फलाट तीनवर, धरणाची गाडी फलाट दोनवर' म्हणत राहायचं. सगळे तिला माईकबाई म्हणतात. घरी मात्र ही चकार शब्द काढत नाही. मीठ हवं असलं तर बोट दाखवते. उकडत असलं तर वर पंख्याकडे बघते. माझी आई म्हणते, "किती गुणाची सून!" आणि मला वाटायचं, सुखी आहे म्हणून गप्प आहे. नवऱ्याला असं वाटायला फार काही लागत नाही.

घोषणा ऐकू कशा यायच्या ते विचारू नका! हिच्या खोलीपासून फलाटांवरच्या कर्ण्यांपर्यंत तांब्याची तार गेलेली, ती माझ्या आधीच्या वायरमननं टाकलेली. देव त्याचं भलं करो, माझ्यानं होणार नाही. विजेची जाड केबल ज्या चरातून नेली, त्याच चरातून या गृहस्थानं आवाजाची तार नेली आणि वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मशीनच्या बुडाखालून फिरवली. आणि तांब्याची तार म्हणजे हलक्या कानाची! शेजारून जी वीज जाईल तिचं ऐकणार आणि आपल्या बोलण्यात कालवणार. माईक सुरू केला की कर्ण्यातून आधी 'गुंऽऽऽ'. टायरात हवा भरायचा पंप लागला की 'घुर्रर्र'. वेल्डरभाऊनं ठिणगी पाडली की 'खर्रर्र'! प्रवाशांना ऐकू यायचं ते असं: "गुंऽऽ कडे जाणारी घुर्रर्र गाडी फलाट खर्रर्र वर येत आहे." एकदा बंदरावर बोट पकडायला निघालेले एक आजोबा धरणावर जाऊन पोचले. तिथंही पाणी दिसलं म्हणून बराच वेळ बोटीची वाट बघत बसले होते म्हणे.

पण त्या गुंऽऽचा एक उपयोग होता. हिची खोली बंद काचेची, बाहेर इंजिनांची घरघर. आपला आवाज बाहेर जातोय की नाही, हे आत बसून कळायचं नाही. माईकवरचा लाल दिवा कधीचा गेलेला. मीच म्हटलं होतं, "दिवा कशाला? झाकण आहे ना!" एक कर्णा खोलीच्याच भिंतीला बाहेरून ठोकलेला, त्यामुळे माईक सुरू झाला की त्या गुंऽऽनं टेबल थरथरायचं आणि हिच्या पाण्याच्या भांड्यावरचं झाकण 'टिर्रर्र' वाजायचं. खटका दाबला, झाकण वाजलं, बोला. पुन्हा दाबला, झाकण गप्प, संपलं. चालू करायलाही तोच खटका आणि बंद करायलाही तोच. त्या खोलीत पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस आधी झाकणाकडे बघायचा आणि मग तोंड उघडायचा.

एक दिवस डेपो मॅनेजरनी मला बोलावलं. यांना ड्रायव्हर लोक ब्रेकसाहेब म्हणतात, कारण कुठलंही काम यांच्या टेबलावर आलं की थांबतं.

"वायरमन, मुख्यालयातल्या मॅडम तपासणीला येताहेत. घोषणांचं मशीन बसवायचं चाललंय. रेकॉर्ड केलेला आवाज! बटण दाबलं की झालं."

"आणि आमची ही?"

"बसवू कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे?"

"पासच्या खिडकीत वगैरे. तक्रारी किती येतात बघताय ना? बाईंचं एक अक्षर कळत नाही कुणाला."

माझ्या डोक्यात सणकच गेली! दोष तारेचा आणि शिक्षा हिला? इतकी वर्षं हिनं त्या खोलीत घसा फोडला तो काय उगीच? मी तिथंच छाती ठोकून म्हणालो, "साहेब, मॅडम यायच्या आत एकेक अक्षर खणखणीत वाजवून दाखवतो. हिच्या खुर्चीला हात लागू देणार नाही!"

हिला विचारलं का? नाही विचारलं. सगळं झाल्यावर एकदम सांगायचं, असं मनात होतं.

कॅमेरे बसवून गेलेल्या लोकांनी फायबरचं एक भेंडोळं आमच्या स्टोअरमध्ये सोडलं होतं. काचेची तार! केसाएवढी बारीक, आतून नुसता उजेड जातो. दोन टोकांना दोन डबे लावायचे. एक डबा आवाजाचा उजेड करतो, दुसरा उजेडाचा आवाज करतो. मी ब्रेकसाहेबांकडे परवानगी मागायला गेलो.

"फायबर? म्हणजे इंटरनेट!" साहेबांचे डोळे चमकले. "पासवर्ड काय?"

"पासवर्ड नाही साहेब. यातून फक्त बाईंचा आवाज जाणार."

"आवाजाला पासवर्ड नाही? मग सुरक्षित आहे का ते?"

"साहेब, हे अ‍ॅनालॉग आहे. आवाजाचे आकडेबिकडे करायचे नाहीत. बाई मोठ्यानं बोलल्या की उजेड वाढणार, हळू बोलल्या की मंद होणार. जसा आवाज तसा उजेड. शेजारून कितीही वीज जाऊ दे, उजेडाला ती चावत नाही!"

"म्हणजे बाईंनी श्वास घेतला तरी ऐकू येईल?"

"श्वास काय साहेब, मनातलंसुद्धा ऐकू येईल!"

हे वाक्य माझंच. साक्षीदार आहेत.

संध्याकाळपर्यंत डेपोभर झालं की वायरमन इंटरनेट आणतोय. प्रत्येक ड्रायव्हर येऊन कानात विचारायचा, "पासवर्ड तेवढा सांगून ठेव." शेवटी कंटाळून मी सगळ्यांना सांगितलं, पासवर्ड आहे 'गप्प बसा'. त्यांनी तो टाकून पाहिला!

तपासणीच्या आदल्या दिवशी मी चरात उतरून जुनी तार उपसली, फायबर टाकली. कंबरेचा काटा ढिला झाला. ही वरून काचेतून बघत होती. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तिनं, मग मिटलं. मला वाटलं, गहिवरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेकसाहेब इस्त्रीच्या शर्टात रस्त्यावरच्या फाटकात जाऊन उभे राहिले, मॅडमची मोटार येईल म्हणून. तिथं कर्ण्याचा आवाज पोचत नाही. मी फलाट तीनवर कान लावून उभा. वर हिनं खटका दाबला.

"पुलाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर येत आहे. प्रवाशांनी कृपया रांगेत उभं राहावं."

अहाहा! काय सांगू! ना गुंऽऽ, ना घुर्र, ना खर्र! जणू बाजूला उभी राहून बोलतेय! इतक्या वर्षांत लोकांना पहिल्यांदा कळलं की वर माणूस बसलेलं आहे. बाकावरचा एक गृहस्थ घाबरून उभाच राहिला. आणि लोक चक्क रांगेत उभे राहिले हो! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर खोलीत गेलो.

"ऐकलंस? कसला स्वच्छ आवाज!"

घोषणा करताना हिचं लक्ष खालच्या गाडीकडे होतं; आता सवयीनं तिनं झाकणाकडे पाहिलं. झाकण गप्प. म्हणजे माईक बंद. मीही पाहिलं, मीही तेच समजलो. गुंऽऽ घालवली मी, आणि गुंऽऽ नाही म्हणून माईक बंद आहे असं समजलोही मीच! याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा, मी ऐकून घेईन.

"अहो, हे सगळं मॅडम येणार म्हणून केलंत?" हिनं विचारलं. घरात न ऐकलेलं एवढं लांब वाक्य ऐकून मी खूश.

"तुझ्यासाठी केलं! मशीन आणणार होते ते. तुझी खुर्ची जाणार होती. आता बघतो कोण हलवतो ती!"

ही माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, मशीनसाठी अर्ज मीच केला होता."

"काय?"

"मीच. मशीन आणा आणि मला पासच्या खिडकीत बसवा म्हणून. मॅडम त्याचाच निकाल लावायला येताहेत. घसा गेलाय माझा! घरी आल्यावर दोन शब्द बोलावेत म्हटलं तर घशातून नुसती हवा येते. आई विचारतात, जेवायला काय करायचं, तर तोंडात येतं, फलाट दोनवर बघा!"

"मग मला सांगायचं नाहीस?"

"कशानं सांगू? बोलून?"

मी खुर्ची ओढून बसलो. "मला वाटलं, तू सुखी आहेस. म्हणून गप्प असतेस."

"दमलेली असते मी! दमलेलं माणूस आणि सुखी माणूस यातला फरक कळू नये तुम्हाला? मी वर बघते ते पंखा लावा म्हणून नाही, दुरुस्त करा म्हणून! दोन उन्हाळे गेले. वायरमनच्या घरात पंखा बंद, आणि वायरमन इथं उजेडातून आवाज पाठवतोय!"

विषय बदलावा म्हणून मी खाली पाहिलं. अख्खा स्टँड माना वर करून आमच्या खोलीकडे बघत होता. पोरंटोरं, म्हातारीकोतारी, हमाल, सगळे! खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या, बाकावर बसलेल्या एक बाई मान डोलवत होत्या. वर्कशॉपच्या दारात वेल्डरभाऊ दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवत होता.

"ते बघ, लोकांना आवाज किती आवडलाय! वेल्डरभाऊ अभिनंदन करतोय!" मी हात हलवला. खालून काहींनी उलट हात हलवला. एका आजीबाईंनी मात्र माझ्याकडे बघून मूठ उगारली. त्यांची गाडी चुकली असेल, असं मी धरून चाललो.

"मला हे नको होतं हो," ही हळूच म्हणाली. खरंच रडवेली झाली होती. "मला त्या खिडकीत गप्प बसायचं होतं. कुणी पैसे सरकवले की पास सरकवायचा. बस."

खाली दोन-चार बायकांनी पदर, रुमाल, जे हाताला आलं ते डोळ्यांना लावलं. धूळ फार आहे आमच्या स्टँडवर, असं मला वाटलं.

तेवढ्यात धरणाची गाडी लागली. हिनं डोळे पुसले, खटका दाबला आणि म्हणाली, "धरणाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे." आता तुमच्या लक्षात आलंच असेल. माईक आधी चालू होता. खटका दाबल्यावर तो झाला बंद! भांडण सगळ्यांना ऐकू गेलं आणि घोषणा कुणालाच नाही. खाली एकही माणूस हलला नाही. सगळे माना वर करून, पुढं काय झालं म्हणून वाट बघताहेत! ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, घड्याळ पाहिलं आणि गाडी रिकामी घेऊन गेला. मग धरणवाल्यांना शुद्ध आली आणि आरडाओरडा सुरू झाला.

ब्रेकसाहेब फाटकातून धावत आले, जिना चढून वर पोचेपर्यंत इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला.

"धरणाची गाडी रिकामी गेली! घोषणा का केली नाहीत?"

"केली की," ही म्हणाली.

"कुणी ऐकली?" साहेबांनी पुढं होऊन स्वतः खटका दाबला आणि झाकणाकडे पाहिलं. झाकण ढिम्म. "हे बघा! मेलंय हे! गुंऽऽ सुद्धा करत नाही!"

"साहेब, गुंऽऽ करायचंच नाही त्यानं, त्यासाठीच तर..."

"गप्प बसा, वायरमन! चांगली चालू तार उपसलीत आणि माईक मारून ठेवलात! त्या मॅडम कुठल्याही क्षणी टपकतील. आता काय दाखवू त्यांना?" साहेब घाम पुसत खाली बसले. मग स्वतःचीच समजूत घालावी तसे म्हणाले, "जाऊ दे. त्या बाईंना काय कळतंय म्हणा! मागच्या तपासणीला धुतलेल्या गाड्या होत्या तीन. त्याच तीन, पाट्या बदलून बदलून, त्यांच्या समोरून फिरवल्या, आणि बाई लिहून घेताहेत, सर्व गाड्या स्वच्छ! एक ड्रायव्हर चौथ्यांदा आला तर त्याला म्हणाल्या, तुमचा भाऊ पण इथंच आहे वाटतं! तसंच काहीतरी करू आजही."

खाली असा हशा उसळला की बंद काचेतून आत आला. मी काचेपाशी गेलो. लोक पोट धरून हसत होते. बाकावर कापडी पिशवीवाल्या बाई नव्हत्या.

दारावर टकटक झाली.

"कुठल्या तीन?" पिशवीवाल्या बाईंनी आत येत विचारलं.

ब्रेकसाहेब उठायला गेले, अर्ध्यातच थांबले, आणि तसेच अर्धे उठलेले राहिले. मॅडम मोटारीनं आल्याच नव्हत्या. आमच्याच गाडीनं, तिकीट काढून, सकाळीच येऊन बसल्या होत्या.

त्यांनी पुढं होऊन खटका दाबला. "आता बंद झाला. खाली उभ्या असलेल्या हमालाला कळतं की माईक चालू आहे, आणि इथं बसलेल्या तिघांना कळू नये?"

"मॅडम, झाकण वाजलं नाही..." आम्ही तिघं एकदम म्हणालो. मॅडमनी आमच्याकडे जे पाहिलं ते पाहिलं. झाकण म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगताना मला पहिल्यांदाच वाटलं की आपण फार शहाणे नाही आहोत.

ब्रेकसाहेबांचं काय झालं ते सांगत बसत नाही. तीन गाड्या म्हटलं की अजून ते खोलीतून निघून जातात. पण आमच्या हिचं काय झालं ते ऐका. मॅडम तिच्याकडे वळल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "बाई, इतके डेपो फिरले, सगळीकडे नुसतं घूंघूं. आज पहिल्यांदा शब्द न् शब्द ऐकू आला. काय आवाज आहे तुमचा! लोक रांगेत उभे राहिले! मशीन रद्द. तुमची जागा इथंच, रिटायर होईपर्यंत."

"मॅडम, आपण बाकीचंही ऐकलंत ना?" हिनं विचारलं.

"ऐकलं ना. म्हणून तर म्हणते. असा आवाज पासच्या खिडकीत कोंडायचा? छे!"

मॅडमनी माझी पाठ थोपटली. ती थाप अजून दुखते.

त्या रात्री आमच्या घरी जेवताना मिठाला बोटसुद्धा दाखवलं गेलं नाही. ही अळणी जेवली. मी पंखा दुरुस्त केला. तिनं वर पाहिलंच नाही. आईनं विचारलं, "काय रे, काय झालं?" मी म्हटलं, "माझं कौतुक झालं." आईनं कपाळाला हात लावला. बायकोला सोडवायचा एकच रस्ता होता आणि तो मी स्वतःच्या हातानं, चर खणून, बुजवून टाकला होता.

मग मी ठरवलं, आवाज पुन्हा बिघडवायचा! लोकांना कळेनासं झालं की तक्रारी येतील, तक्रारी आल्या की मशीन येईल. बिघडवायला काय लागतं? मी फायबरचा एक वेढा चरातून वर काढला आणि वेल्डरभाऊकडे गेलो.

"भाऊ, ही तार तुझ्या मशीनला गुंडाळतो. तू जोरात वेल्डिंग कर."

"कशावर करू?"

"कशावरही कर!"

भाऊनं मोडक्या सीटची एक चौकट घेतली आणि ठिणग्यांचा पाऊस पाडला. वर कर्ण्यातून ही बोलतेय, "बंदराकडे जाणारी गाडी..." स्वच्छ! एक ओरखडा नाही! मी हवा भरायचा पंप लावला. स्वच्छ! विजेच्या मोठ्या केबलला फायबर वेणीसारखी घातली. आणखी स्वच्छ!

"वायरमन," भाऊ चष्मा वर सरकवून म्हणाला, "तूच म्हणाला होतास ना, उजेडाला वीज चावत नाही? मग आता कुणाला चावायला सांगतोयस?"

शेवटी मी फायबर नळीभोवती घट्ट मुरडली. त्यानं उजेड वाटेत सांडतो, आवाज बारीक होतो. झाला बारीक! पण स्वच्छच. उलट लोक गप्प बसून ऐकायला लागले, स्टँडवर कधी नव्हती ती शांतता पसरली, आणि मॅडमना कुणीतरी कळवलं की इथले प्रवासी फार शिस्तीचे आहेत. ती जुनी तांब्याची तार असती तर एका ठिणगीत माझं काम झालं असतं. जन्मभर जिला शिव्या घातल्या तिची मला आठवण यायला लागली.

मग उरला एकच उपाय. मी मुख्यालयात फोन लावला.

"मॅडम, आपला एक गैरसमज झालाय. कमाल आवाजाची नाही, कमाल तारेची आहे. या तारेतून कुणीही बोललं तरी तसंच ऐकू येतं. बाईंना पासच्या खिडकीत जाऊ द्या, वाटल्यास मशीन येईपर्यंत मी बोलतो."

"कुणीही बोललं तरी?"

"कुणीही, मॅडम! वायरमनचा शब्द आहे."

"ठीक आहे. बोला तुम्ही. बघू."

मी ही बातमी घरी सांगितली तेव्हा आमची ही हसली. आईसमोर, मोठ्यानं, आवाज करून हसली! मला सगळं भरून पावलं. दुसऱ्या दिवशी ती पासच्या खिडकीत जाऊन बसली, समोर गरम पाण्याचा थर्मास ठेवून. खिडकीच्या जाळीतून तिचा चेहरा दिसत होता. सुटीच्या दिवशी उशिरा उठलेल्या माणसाचा असतो तसा. आणि मी वर गेलो. लाल दिवा नवा बसवला होता. खटका दाबला. दिवा लागला.

"अं... तर... म्हणजे... ती पुलाकडची... थांबा हं, एक मिनिट... हां, पुलाकडची जी गाडी आहे ना..."

बोलताना मी किती वेळा नाक ओढतो, हे मला माहीत नव्हतं. ओठांचा पचपच आवाज होतो, हेही नाही. मी गंजीत हात घालून खाजवतो, त्याचा आवाजसुद्धा शेवटच्या फलाटापर्यंत जात होता! तांब्याची तार असती तर म्हटलं असतं, तारेचा दोष. इथं कुणावर खापर फोडणार? काचेची तार बिचारी जे घेईल तेच देणार. मी घाबरलो की शब्दांची सुरुवात खातो आणि शेवट गिळतो. मधलं जे काही उरायचं, ते अगदी स्वच्छ ऐकू जायचं.

लोकांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग एक गृहस्थ उठला आणि पासच्या खिडकीपाशी गेला. "बाई, काय म्हणाला तो?"

"पुलाकडची, फलाट तीन," ही म्हणाली.

त्याच्या मागं दुसरा. "बाई, बंदराची कुठं लागणार?" मग तिसरी. "बाई, त्यानं नाक ओढलं तेव्हा कुठल्या गाडीचं नाव घेतलं?" दुपारपर्यंत पासच्या खिडकीची रांग फलाट दोनपर्यंत गेली. पासवाला त्यात एकही नाही! मी वरून बघतोय: ही एकेकाला सांगतेय, एकेकाला हातानं दाखवतेय, बहिऱ्या आजोबांना जाळीला तोंड लावून ओरडून सांगतेय. मी घाईघाईनं घोषणा केली की कृपया बाईंना त्रास देऊ नका. ती कुणाला कळली नाही. काय म्हणाला हे विचारायला आणखी लोक रांगेत लागले.

असं किती दिवस चाललं ते सांगत नाही, लाज वाटते. हिचा थर्मास सकाळीच रिकामा व्हायला लागला. घरी आई म्हणाली, "पूर्वी निदान मान हलवायची, आता तेही नाही." मी बायकोला म्हटलं, "मी सुधारेन. जरा सवय होऊ दे." तिनं डोळे मिटून घेतले.

मग एका दुपारी, ऐन गर्दीत, जिन्यावर चपला वाजल्या. मी 'अं... तर...' म्हणत होतो. दार उघडून ही आत आली. थर्मास काखेत, चेहरा ओढलेला. मी चटकन खटका दाबून माईक बंद केला.

"सरका," ती म्हणाली.

"अगं, पण तू तर... मॅडम काय म्हणतील? मी शब्द दिलाय. मशीन येईपर्यंत..."

"तिथं तेच दोनशे जणांना दोनशे वेळा सांगते. इथं दोनशे जणांना एकदाच सांगेन. सरका."

मी उठलो. म्हटलं, "चुकलो गं मी. तुला सोडवायला गेलो आणि..."

"मला सोडवायला नंतर गेलात. आधी माझी खुर्ची वाचवायला निघाला होतात." ती खुर्चीत टेकली, ताठ बसली आणि खटक्यावर बोट ठेवलं. "वाचली."

मी मान खाली घालून जिना उतरलो. वर एकेक शब्द स्पष्ट वाजत होता, खाली रांग मोडून लोक आपापल्या फलाटाकडे निघाले होते, आणि कोणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मॅडमना मी फोनवर काय म्हणालो, कमाल आवाजाची नाही, तारेची, ते वाक्य हिच्यापर्यंत अजून पोचलेलं नाही. तुम्ही कुणी बोलू नका म्हणजे झालं.